एन्सेलाडसजवळची वाकडी रेघ

शनीला चंद्र किती? मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नवे चंद्र यादीत दाखल झाले आणि आकडा जाऊन पोचला २७४ वर. एका ग्रहाभोवती पावणेतीनशे चंद्र! त्यांतले बहुतेक काही किलोमीटरचे ओबडधोबड गोळे आहेत. त्यांना अजून धड नावंही नाहीत. पण त्या घोळक्यात एक चंद्र असा आहे की त्याच्याबद्दल बोलायला लागलं की मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा खुर्चीतून पुढे सरकून बसतात. आज त्या चंद्राची गोष्ट सांगते, आणि त्याचं गुपित एका आलेखातल्या रेघेवरून ज्यांनी ओळखलं त्या बाईंचीही.

चंद्राचं नाव एन्सेलाडस. विल्यम हर्शेल यांनी तो १७८९ साली शोधला. व्यास फक्त ५०४ किलोमीटर. विमान मुंबईहून नागपूरला सरळ रेषेत जितकं उडतं, त्याहूनही कमी. रंग पांढराशुभ्र, कारण तो सगळा बर्फाने मढलेला आहे. त्याच्यावर पडलेला सूर्यप्रकाश तो जवळजवळ सगळाच परत फेकतो, म्हणून त्याचा पृष्ठभाग तापतच नाही. तिथलं तापमान असतं शून्याखाली सुमारे २०० अंश सेल्सिअस.

आता एक नियम लक्षात ठेवा. वस्तू जितकी लहान, तितकी ती लवकर थंड होते. मग इतका लहान चंद्र, सूर्यापासून इतका लांब, तो तर कधीच आतपर्यंत गोठून निपचित पडला असणार, नाही का? सगळ्यांना असंच वाटायचं. फक्त १९८१ साली व्हॉयेजर २ यानाने पाठवलेल्या फोटोंत एक खटकणारी गोष्ट होती. या चंद्राच्या काही भागांवर खड्डेच नव्हते. अंतराळातून दगड तर सगळ्यांवरच आदळतात. मग इथले खड्डे बुजवले कुणी?

हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. त्याचं उत्तर मिळायला चोवीस वर्षं लागायची होती. आणि ज्यांच्यामुळे ते मिळायचं होतं, त्या बाई तेव्हा दक्षिण आफ्रिकेत शिकत होत्या.

त्यांचं नाव मिशेल डॉहर्टी. मिशेल दहा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी घरीच एक दुर्बीण बनवायला घेतली. घरची दुर्बीण म्हणजे हातात धरायची नळी नव्हे हं. चांगली मोठी, जमिनीत पक्की रोवलेली. दुर्बीण जराशी हलली तरी आकाश थरथरतं, म्हणून तिच्याखाली काँक्रीटचा भक्कम पाया लागतो. ते काँक्रीट कालवायला मिशेल आणि तिची बहीण, दोघींनी मदत केली. मग त्या दुर्बिणीतून तिने पाहिले गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी. ज्यांनी शनीची कडी दुर्बिणीतून पाहिली आहेत, त्यांना पुढे काही सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाहीत, त्यांनी जवळपासच्या एखाद्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला जरूर जावं. पुस्तकातलं चित्र शंभर वेळा पाहिलेलं असलं तरी डोळ्याला भिंग लावल्यावर तोंडातून आवाज निघतोच.

तुम्ही म्हणाल, कळलं! तिने तेव्हाच ठरवलं असणार की आपण अंतराळशास्त्रज्ञ व्हायचं. पण तसं काही झालं नाही. उलट, पुढे जे झालं ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. माध्यमिक शाळेत जायची वेळ आली तेव्हा मिशेलसमोर दोन शाळा होत्या. एका शाळेत विज्ञान शिकवायचे, दुसऱ्या शाळेत शिकवत नव्हते. आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी निघाल्या होत्या दुसऱ्या शाळेत! तेरा वर्षांची मुलगी काय निवडेल? तिने मैत्रिणी निवडल्या. म्हणजे आज जगातल्या नावाजलेल्या ग्रहशास्त्रज्ञांपैकी एक असलेल्या या बाईंनी माध्यमिक शाळेत विज्ञानाचा तास अनुभवलेलाच नाही.

पण तिचं गणित फार चांगलं होतं. त्या गणिताच्या बळावर तिला नाताल विद्यापीठात विज्ञानाला प्रवेश मिळाला. पहिली एक-दोन वर्षं भलतीच कठीण गेली. बाकीची मुलं जे शब्द शाळेपासून वापरत आली होती, ते ती पहिल्यांदा ऐकत होती. एखाद्या अनोळखी भाषेच्या वर्गात मधूनच येऊन बसावं, तसं. पण गणिताचा हात तिने सोडला नाही, आणि हळूहळू त्या अनोळखी शब्दांचे अर्थ लागत गेले. तिथेच पुढे डॉक्टरेट झाली. मग जर्मनीत काही काळ संशोधन. आणि १९९१ साली त्या पोचल्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात. (आता त्या मोठ्या झाल्या, म्हणून आपणही त्यांना अहो-जाहो करू.)

तेव्हा युलिसिस नावाचं एक यान सूर्याकडे जाता जाता गुरूला वळसा घालणार होतं. गुरूभोवती अवाढव्य चुंबकीय क्षेत्र आहे. ते कसं पसरलं आहे, यान कुठून गेलं की काय मोजेल, याचं गणित मांडायला माणूस हवा होता. मिशेलबाईंनी ग्रहांवर तोवर काहीच काम केलेलं नव्हतं. त्या हो म्हणाल्या. दहाव्या वर्षी दुर्बिणीत पाहिलेला गुरू असा पुन्हा समोर आला, आता समीकरणांच्या रूपात.

चुंबकीय क्षेत्र म्हणजे काय, हे जरा नीट पाहू, कारण पुढची सगळी गंमत त्यावरच आहे. पट्टीचुंबक टेबलावर ठेवा. त्यावर पुठ्ठा ठेवा. पुठ्ठ्यावर लोहकीस भुरभुरवा आणि बोटाने हलकेच टिचकी मारा. लोहकीस सुंदर कमानींमध्ये मांडला जातो. एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाकडे वळणाऱ्या त्या रेषा म्हणजे चुंबकीय बलरेषा. त्या दिसतात लोहकिसामुळे, पण लोहकीस नसला तरी चुंबकाचा प्रभाव तिथे असतोच. पृथ्वीभोवतीही अशाच बलरेषा आहेत. होकायंत्राची सुई त्यांच्याच दिशेने उभी राहते. गुरूभोवती आहेत, शनीभोवतीही आहेत.

या क्षेत्राची ताकद आणि दिशा मोजणाऱ्या उपकरणाला मॅग्नेटोमीटर म्हणतात. ताकद मोजायची नॅनोटेस्ला या एककात. आपल्या महाराष्ट्रात पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला भरतं. एन्सेलाडस जिथून फिरतो तिथे शनीचं क्षेत्र जेमतेम सव्वातीनशे नॅनोटेस्ला आहे. आणि शास्त्रज्ञांना हवे असतात त्याच्यातलेही बारीक बारीक बदल.

इथे एक मोठी अडचण येते. यानात वीज खेळत असते, आणि तारेतून वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. म्हणजे यान स्वतःच एक गोंधळ घालणारा चुंबक होऊन बसतं! मग मोजणार काय, शनीचं क्षेत्र की यानाचं? यावर उपाय एकच. उपकरण यानापासून दूर न्यायचं. शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाला म्हणून ११ मीटर लांबीचा एक हात होता. मॅग्नेटोमीटरचे दोन संवेदक त्यावर बसवलेले, एक मध्यावर आणि एक टोकाला. उड्डाणाच्या वेळी हा हात घडी घालून डब्यात ठेवला होता. ऑगस्ट १९९९ मध्ये यान पृथ्वीजवळून गेलं तेव्हा तो उलगडला.

हीच अडचण आपल्या मुंबईलाही आली होती, आणि तीही शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. जगातल्या सर्वांत जुन्या आणि मोलाच्या नोंदींमध्ये त्यांची गणना होते. मग बातमी आली की मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार. ट्राम म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे चुंबकीय गोंधळ. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी मुंबईपासून दूर शांत जागा शोधली. खाडीपलीकडचं अलिबाग. तिथे चुंबकाला दाद न देणारा दगड निवडून, लोखंड टाळून इमारती बांधल्या गेल्या. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. काही काळ कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्याशी सांगड बसावी. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. तिकडे किनाऱ्यावर खेळायला गेलात तर लक्षात असू द्या, की जवळच एक उपकरण शंभराहून जास्त वर्षं पृथ्वीच्या नाडीवर बोट ठेवून बसलं आहे.

असो. शनीकडे जाऊ.

कॅसिनी यान ऑक्टोबर १९९७ मध्ये निघालं आणि जुलै २००४ मध्ये शनीभोवती फिरू लागलं. पावणेसात वर्षांचा प्रवास! यानावर बारा उपकरणं होती, आणि प्रत्येक उपकरणामागे शास्त्रज्ञांची एक तुकडी. मॅग्नेटोमीटरच्या तुकडीची धुरा आता मिशेल डॉहर्टी यांच्याकडे होती.

१७ फेब्रुवारी २००५ ला कॅसिनी पहिल्यांदा एन्सेलाडसच्या शेजारून गेलं, सुमारे १,२६० किलोमीटर अंतरावरून. तिकडून आलेल्या आकड्यांचा आलेख काढला गेला. आणि त्यात, जिथे रेघ सरळ जायला हवी होती, तिथे ती किंचित वाकली होती.

यात एवढं काय, असं वाटेल. पण विचार करा. शनी स्वतःभोवती साडेदहा तासांत एक गिरकी घेतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र आणि त्यात अडकलेले विजेचा भार असलेले कणही त्याच्याबरोबर गरगर फिरतात. एन्सेलाडसला मात्र शनीची एक फेरी मारायला ३३ तास लागतात. म्हणजे कणांचा हा प्रवाह सतत मागून येऊन या चंद्राला ओलांडून पुढे जात असतो. एन्सेलाडस नुसता सुका बर्फाळ गोळा असता, तर काही कण त्याच्यावर आदळून थांबले असते, पण बलरेषा त्याच्यातून जवळजवळ सरळ पार गेल्या असत्या. इथे तर त्या चंद्रापासून इतक्या लांबच अडखळून वाकत होत्या. चंद्र जेवढा आहे त्याहून पुष्कळ मोठं काहीतरी त्यांच्या वाटेत उभं होतं. काय असेल? कदाचित हवा. कदाचित वाफ. कणांच्या प्रवाहाला रेटून धरणारं काहीतरी, जे कॅमेऱ्यात नीट दिसत नव्हतं.

९ मार्चला यान पुन्हा जवळून गेलं, या वेळी ५०० किलोमीटरवरून. रेघ पुन्हा वाकली.

पण दुसऱ्या एका तुकडीचं निरीक्षण याच्या अगदी उलट होतं! फेब्रुवारीत त्यांनी एका ताऱ्यावर नजर ठेवली होती. वृश्चिकाच्या नांगीतला तारा, ज्याला आपण मूळ नक्षत्रातला तारा म्हणून ओळखतो. एन्सेलाडस त्या ताऱ्याच्या आड गेला. चंद्राभोवती हवा असती तर तारा विझण्याआधी हळूहळू मंद झाला असता. तसं झालं नाही. तारा तडकाफडकी दिसेनासा झाला. म्हणजे हवा नाही.

एक उपकरण म्हणतं आहे, काहीतरी आहे. दुसरं म्हणतं आहे, काही नाही. अशा वेळी कुणाचं ऐकायचं? मला विज्ञानातले हे क्षण सर्वांत आवडतात. दोन्ही उपकरणं बरोबर असतील आणि तरीही त्यांचं म्हणणं जुळत नसेल, तर समजावं की खरं उत्तर आपल्या कल्पनेपेक्षा वेगळं आहे.

मिशेलबाईंच्या तुकडीने आकडे पुन्हा पुन्हा तपासले. मग त्या यानाचा मार्ग ठरवणाऱ्या मंडळींकडे गेल्या आणि म्हणाल्या, पुढच्या फेरीत यान आणखी जवळ न्या. पुढची भेट १४ जुलैला ठरलेली होती, १,००० किलोमीटरवरून. हे अंतर खूप आधी, विचार करून ठरवलेलं होतं. असा मार्ग बदलायचा म्हणजे इंधनाचा हिशेब आला, बाकी अकरा तुकड्यांच्या वेळापत्रकांची उलथापालथ आली. शिवाय कोट्यवधी किलोमीटर दूर असलेलं, पुन्हा कधीच दुरुस्त करता न येणारं यान एका चंद्राच्या अंगाला घासून न्यायची जोखीम. आणि हे सगळं कशासाठी? आलेखातल्या एका वाकड्या रेघेसाठी!

पण त्यांनी पटवून दिलं. १,००० किलोमीटरचे झाले १७३. मुंबईहून नाशिकला गाडीने जाताना साधारण एवढंच अंतर पडतं.

नंतर मुलाखतींमध्ये त्यांनी सांगितलं आहे की त्या भेटीआधी त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. जवळ जाऊन काहीच सापडलं नसतं, तर पुढे कुणी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नसता. मला वाटतं, धाडस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंतराळवीर येतो, पण खोलीत बसून, सगळ्यांच्या समोर, ‘माझ्या आकड्यांवर भरवसा ठेवा’ असं म्हणणं हेही तितकंच मोठं धाडस आहे.

१४ जुलै २००५. यान एन्सेलाडसच्या १७३ किलोमीटर जवळून सुसाट निघून गेलं. त्याचा संदेश पृथ्वीवर पोचायला सव्वा तासाहून जास्त वेळ लागत होता. मग एकेका तुकडीकडे आकडे येऊ लागले, आणि कोडं उलगडत गेलं.

मॅग्नेटोमीटरने सांगितलं, अडथळा आहे, आणि तो चंद्राभोवती सगळीकडे पसरलेला नाही. तो दक्षिण ध्रुवाच्या खाली एकवटला आहे. तारा पाहणाऱ्या तुकडीने या वेळी मृग नक्षत्रातला एक ठळक तारा धरला होता. तो दक्षिणेच्या बाजूने आड जाताना खरोखरच मंद झाला, आणि त्या मंदावलेल्या प्रकाशात पाण्याच्या वाफेची खूण होती. फेब्रुवारीत त्यांनी पाहिलं होतं ते भलत्याच बाजूला! वायू आणि धूळ तपासणाऱ्या उपकरणांनाही पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण सापडले. आणि तापमान मोजणाऱ्या तुकडीला तर धक्काच बसला. ध्रुव म्हणजे सर्वांत थंड जागा, आपल्या अंटार्क्टिकासारखी, अशी त्यांची अपेक्षा. पण एन्सेलाडसचा दक्षिण ध्रुव अपेक्षेपेक्षा उबदार निघाला. तिथे बर्फात चार लांबलचक भेगा आहेत. प्रत्येक भेग सुमारे १३० किलोमीटर लांब. शास्त्रज्ञ त्यांना वाघाचे पट्टे म्हणतात. ऊब त्याच पट्ट्यांतून येत होती.

नोव्हेंबर २००५ मध्ये कॅमेऱ्याच्या तुकडीने सूर्य मागे ठेवून एन्सेलाडसचे फोटो घेतले. या तुकडीच्या प्रमुखही एक बाईच होत्या, कॅरोलिन पोर्को. त्या फोटोंत चंद्राच्या काळ्या गोलाखालून प्रकाशाची कारंजी उसळताना दिसली. अंधारात, अंतराळात, शेकडो किलोमीटर उंच उडणारी पाण्याची वाफ आणि बर्फाचा चुरा! दर सेकंदाला दोनशे किलोच्या आसपास पाणी तिथून बाहेर पडतं. त्यातला काही बर्फ परत चंद्रावर पडतो, आणि खड्डे बुजतात. व्हॉयेजरच्या फोटोंतला प्रश्न सुटला तो असा. उरलेला बर्फ अंतराळात निसटतो आणि त्याचंच शनीभोवती एक विरळ, पसरट कडं तयार होतं. म्हणजे हा एवढासा चंद्र स्वतःच्या पाण्यातून शनीला एक कडं घालतो आहे, आणि रोज ते ताजं ठेवतो आहे.

पण पाणी गोठत का नाही? त्याचं कारण शनी आणि डायोनी नावाचा दुसरा एक चंद्र. डायोनीची एक फेरी होते तेवढ्यात एन्सेलाडसच्या बरोबर दोन होतात. त्यामुळे डायोनीची ओढ त्याला ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा बसते, आणि त्याची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही. कधी तो शनीच्या जवळ, कधी जरा दूर. जवळ आला की शनी त्याला जास्त ताणतो, दूर गेला की कमी. दर ३३ तासांनी हा ताण आणि सैलपणा. लोखंडाची तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलात तर ती गरम होते, तुम्ही कधीतरी केलंच असेल. एन्सेलाडसचं पोट तसंच आतून तापतं.

पुढची दहा वर्षं कॅसिनी या चंद्राकडे पुन्हा पुन्हा जात राहिलं. ऑक्टोबर २००८ मध्ये तर ते फक्त २५ किलोमीटरवरून गेलं. कारंज्यांच्या आरपार जाताना ते पाण्याचा नमुना जणू ‘चाखत’ होतं. त्यातून कळलं की हे पाणी खारट आहे. बर्फाखाली संपूर्ण चंद्राला वेढणारा समुद्र आहे, हे २०१५ मध्ये सिद्ध झालं. २०१७ मध्ये जाहीर झालं की त्या वाफेत हायड्रोजन वायू आहे. समुद्राच्या तळाशी गरम पाणी आणि खडक यांची गाठ पडत असावी, असं त्यावरून वाटतं. आणि २०२३ मध्ये, जुन्याच माहितीचा पुन्हा अभ्यास करताना, बर्फाच्या कणांत फॉस्फरसची संयुगं सापडली. आपल्या हाडांत आणि पेशींत असतो तोच फॉस्फरस. पाणी, ऊब, मीठ, कार्बनची संयुगं, फॉस्फरस. जीवसृष्टीला जे जे लागतं त्यातलं पुष्कळ काही तिथे आहे. जीव मात्र अजून सापडलेला नाही. कॅसिनीची उपकरणं त्यासाठी बनवलेलीच नव्हती, कारण यान निघालं तेव्हा तिथे पाणी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

इंधन संपत आलं तेव्हा शास्त्रज्ञांनी एक जबाबदारीचा निर्णय घेतला. भरकटून यान चुकून एन्सेलाडसवर पडलं आणि त्यावर पृथ्वीवरचा एखादा चिवट जंतू असला तर? तिथला समुद्र त्यामुळे बिघडायला नको. म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी कॅसिनीला शनीच्या वातावरणात झेप घ्यायला लावली आणि ते तिथे जळून गेलं. जाता जाताही मॅग्नेटोमीटर आकडे पाठवत होतं. त्या शेवटच्या फेऱ्यांतून नवं कोडं हाती आलं. पृथ्वीच्या चुंबकाचा अक्ष तिच्या फिरण्याच्या अक्षाशी सुमारे दहा अंशांनी कललेला आहे. शनीचा कल भरला एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी! ग्रहांची चुंबकीय क्षेत्रं कशी टिकून राहतात, याबद्दल जे सिद्धांत आहेत त्यांच्यात असा बिनकलाचा चुंबक बसत नाही. हे कोडं अजून सुटलेलं नाही. तुमच्यातल्या कुणाला ते सोडवायचं असेल तर जागा रिकामी आहे.

मिशेल डॉहर्टी यांना २००८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचं ह्यूज पदक मिळालं. हे पदक मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री. पहिल्या होत्या हर्था आयर्टन, आणि ते साल होतं १९०६. दोघींमध्ये १०२ वर्षांचं अंतर! इतक्या वर्षांत एकही बाई त्या योग्यतेची नव्हती, हे मला मुळीच पटत नाही. बायका होत्या, त्यांच्याकडे पाहिलं गेलं नाही. जुलै २०२५ मध्ये आणखी एक बातमी आली. ब्रिटनमध्ये ‘ॲस्ट्रॉनॉमर रॉयल’, म्हणजे राजाचे खगोलशास्त्रज्ञ, असं एक मानाचं पद आहे. ते सुरू झालं १६७५ साली, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्याच वर्षी. तेव्हापासून साडेतीनशे वर्षं या पदावर पुरुषच होते. आता तिथे मिशेल डॉहर्टी आहेत. माध्यमिक शाळेत विज्ञान न शिकलेली ती मैत्रीणवेडी मुलगी!

आणि त्यांचं काम अजून चालूच आहे. १४ एप्रिल २०२३ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या कुरू इथून युरोपचं एक यान गुरूकडे निघालं. त्याचं नाव ज्यूस. त्यावरच्या मॅग्नेटोमीटरच्या प्रमुख त्याच आहेत. या यानालाही तसाच लांब हात आहे, साडेदहा मीटरहून थोडा जास्त.

ज्यूस शेवटी मुक्काम करणार आहे गॅनिमीडपाशी. गॅनिमीड हा सूर्यमालेतला सर्वांत मोठा चंद्र, व्यास ५,२६८ किलोमीटर. बुध ग्रहापेक्षाही मोठा! आणि स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असलेला आपल्याला माहीत असलेला एकमेव चंद्र. हा शोध १९९६ साली गॅलिलिओ यानाने लावला. त्या यानाच्या मॅग्नेटोमीटरच्या प्रमुख होत्या अमेरिकेच्या मार्गारेट किव्हेल्सन. त्यांनीच युरोपा या चंद्राबाबत एक भन्नाट गोष्ट दाखवून दिली. गुरूचं चुंबकीय क्षेत्र कललेलं आहे, त्यामुळे गुरू फिरला की त्याच्या चंद्रांजवळचं क्षेत्र सतत बदलत राहतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वीजवाहक वस्तू ठेवली की तिच्यात वीज वाहू लागते, आणि त्या विजेचं स्वतःचं छोटं क्षेत्र तयार होतं. खारं पाणी वीजवाहक असतं. जानेवारी २००० मध्ये किव्हेल्सन यांच्या तुकडीला युरोपाजवळ असंच एक छोटं क्षेत्र सापडलं. गुरूचं क्षेत्र उलटलं की तेही उलटत होतं. किलोमीटरच्या किलोमीटर जाड बर्फाखालचा खारा समुद्र, बर्फाला हातही न लावता ओळखला!

गॅनिमीडवर हेच करायचं आहे, पण तिथे ते फार अवघड आहे. गुरूचं प्रचंड क्षेत्र, त्यात गॅनिमीडचं स्वतःचं क्षेत्र, आणि या दोन्हींत लपलेली समुद्राची अगदी क्षीण खूण. ती वेगळी काढता आली तर समुद्र किती खोल आहे आणि किती खारट आहे, हे कळेल. त्यासाठी एकदोनदा जवळून जाऊन भागत नाही. महिनोन्‌महिने गॅनिमीडभोवती फिरावं लागतं. ज्यूस गुरूपाशी पोचेल जुलै २०३१ मध्ये आणि गॅनिमीडभोवती फिरायला लागेल डिसेंबर २०३४ मध्ये. आपला चंद्र सोडून दुसऱ्या कुठल्याही चंद्राभोवती यान फिरण्याची ती पहिलीच वेळ असेल.

तोवर गॅनिमीड तुम्ही स्वतः पाहू शकता. गुरू आकाशात असेल त्या महिन्यांत कुणाकडून तरी साधी द्विनेत्री मागून घ्या. कोपरं गच्चीच्या कठड्यावर टेकवा, म्हणजे हात हलणार नाहीत. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके दिसतील, कधी चार, कधी तीन, कधी दोनच. वहीत गुरूसाठी एक गोल काढा आणि ठिपके जिथे दिसले तिथे टिंबं द्या. तारीख आणि वेळ लिहा. असं दोन आठवडे रोज करा. चौघांतला सर्वांत तेजस्वी ठिपका बहुधा गॅनिमीड. तो गुरूची फेरी सात दिवसांहून थोड्या जास्त वेळात पूर्ण करतो, म्हणून आठवड्याने तो जवळजवळ त्याच जागी परतलेला दिसला पाहिजे. नाही दिसला, तर तुम्ही दुसऱ्याच चंद्राला गॅनिमीड समजलात. मग वहीतली टिंबं पुन्हा जुळवून पाहा आणि तो नक्की कोणता होता ते शोधा.